काखेतली गाठ आणि न पोहोचलेला निरोप

चार महिन्यांचा मुलगा. वजन 4 किलो 600 ग्रॅम. पंधरा दिवसांपूर्वी 4 किलो 700 होतं. तक्रार एकच सांगितली गेली: डाव्या काखेत गाठ.

किसननगरमधलं कुटुंब. वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत मशीनवर, आई घरी, मोठी मुलगी सहा वर्षांची, धडधाकट. बाळाला घेऊन आईची आई आली होती, शहापूर तालुक्यातल्या गावाहून खास याच्यासाठी उतरलेली. तिने दुपटं बाजूला केलं आणि म्हणाली, "बीसीजीची गाठ आहे म्हणाले, जिरेल आपोआप. पण मॅडम, पोर वाळत चाललंय."

गाठ जिरेल हे सांगणाऱ्याचं चुकलं नव्हतं. जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, म्हणजे क्षयावरची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, ती फुटते, खपली धरते आणि तीनेक महिन्यांत वण उरतो. काही निरोगी बाळांच्याही काखेत गाठ येते आणि जाते. मी दंड बघितला. चार महिने झाले तरी जखम ओली होती, कडा जांभळट, मधे पिवळसर पू. खपलीचा पत्ता नाही. गाठ लिंबाएवढी, मऊ, आतून पाझरल्यासारखी.

तोंडात जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरा थर. आजीने टाकणखाराची लाही मधातून लावली होती. ती ताबडतोब बंद करायला सांगितली. या वयात दोन्ही धोक्याचं. जुलाब दोन महिन्यांपासून. श्वास मिनिटाला 62. आणि मानेत, जांघेत बोटांना एकही गाठ लागेना. इतका काळ जंतुसंसर्गाशी झुंजणाऱ्या बाळाच्या मानेत मटारएवढ्या दोन-चार गाठी तरी असायला हव्यात. लढाई चालू आहे आणि छावणीत कुणी नाही, असं ते शरीर होतं.

केसपेपर काढला तर त्यावर माझंच अक्षर. दहाव्या आठवड्याचं लसीकरण माझ्याकडे झालं होतं. "तोंडात थ्रश (बुरशी), थेंब दिले" असं मीच लिहिलं होतं आणि त्याच ओळीखाली रोटाव्हायरसचा दुसरा डोस दिल्याची नोंद. रोटाव्हायरसची लस जिवंत विषाणूची असते. जुलाब त्यानंतर थांबलेच नव्हते. ती ओळ मी अजून विसरलेले नाही, आणि हे प्रकरण सविस्तर लिहायला बसले त्याचं ते एक मोठं कारण आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तीन रिपोर्ट, एकच आकडा

वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधीचे कागद काढले. नवव्या आठवड्यातला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, चौदाव्या आठवड्यात एका ठिकाणी तीन दिवस दाखल केलं तेव्हाचा एक, आणि आज सकाळी माझ्याकडे येण्यापूर्वी केलेला. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सगळ्यांनी, मी धरून, आत्तापर्यंत वरची ओळ वाचली होती: पांढऱ्या पेशी 7,100, मग 8,500, मग 6,200. नॉर्मल. त्याखाली सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा आकडा, वाढलेला. म्हणजे इन्फेक्शन, म्हणजे अँटिबायोटिक.

खालची ओळ कुणी गुणून बघितली नव्हती. लिम्फोसाइट, म्हणजे जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (टी आणि बी त्यातल्याच): 15 टक्के, 11 टक्के, 14 टक्के. 7,100 चे 15 टक्के म्हणजे 1,065. पुढे 935. आज 868. चार महिन्यांच्या बाळात हा आकडा पाच-सहा हजारांच्या आसपास असतो. तीन हजारांच्या खाली गेला की थांबून विचार करायचा. आणि या वयात लिम्फोसाइटचं पारडं न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींपेक्षा जड असतं, मोठ्या माणसाच्या बरोबर उलट. पण रिपोर्टवर छापलेली मर्यादा मोठ्या माणसाची होती, 20 ते 45. त्यामुळे 15 टक्क्यांपुढे फक्त एक बारीकसा 'एल' होता, थोडं कमी एवढंच सांगणारा. बाळाच्या मापाने वाचलं असतं तर नवव्या आठवड्यातच तो कागद ओरडत होता.

छातीचा एक्स-रे घेतला. दोन्ही फुप्फुसांत धूसर जाळं होतं, ते अपेक्षितच. मी बघत होते ती हृदयाच्या वरची जागा. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत तिथे थायमस ग्रंथीची, म्हणजे टी पेशी जिथे घडतात त्या जागेची, रुंद, कधीकधी शिडाच्या आकाराची सावली असते. इथे मधला भाग अरुंद, सावली नाही. आजारपणाच्या ताणानेही थायमस आकसतो, त्यामुळे एवढ्यावर निदान करता येत नाही. पण 868 च्या शेजारी ठेवलं की दोन्ही एकच बोट दाखवत होते.

मग मी आजींना विचारलं, तुमच्या घरात असं बाळ कुणाचं गेलंय का? त्या आधी गप्प राहिल्या. लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझा पहिला. हिच्या आधीचा. सहाव्या महिन्यात गेला. मुडदूस म्हणायचे तेव्हा." आणि तुमच्या माहेरी? "थोरल्या बहिणीचे दोन. दोन्ही पोरगेच." लेकीला हे माहीतच नव्हतं. केसपेपरच्या मागच्या बाजूला मी चौकोन आणि गोल काढले: गोल बायका, चौकोन पुरुष, काळे केलेले गेलेले. तीन काळे चौकोन, तिघेही बायकांच्या बाजूने जोडलेले. एकही काळा गोल नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याशिवाय असं चित्र सहसा निघत नाही.

निरोप कुठे अडला

सीव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशिअन्सी, आमच्या भाषेत स्किड: जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसणं. त्यातही एक्स गुणसूत्रावरचा. हा आजार समजायचा तर रक्तातल्या पेशी घडतात कशा ते बघावं लागतं, आणि मला हा भाग फार प्रिय आहे.

हाडांच्या मगजातून निघालेली पूर्वज पेशी जन्मतःच टी पेशी नसते. ती रक्तातून थायमसमध्ये येते, आणि तिथल्या अस्तराच्या पेशी तिला अंगाला अंग लावून पहिला निरोप देतात: अस्तरावर असतं डेल्टा-लाइक-4 हे प्रथिन, येणाऱ्या पेशीवर नॉच-1. दोन्ही भिडली की पेशीचा मार्ग ठरतो, बी नव्हे, टी. पण मार्ग ठरणं म्हणजे जगणं नव्हे. जगायला आणि दुणावायला तेच अस्तर दुसरं एक प्रथिन सोडतं, इंटरल्यूकिन-7. ते जेमतेमच असतं. ज्या पेशीला मिळालं ती टिकते, जिला नाही ती मरते.

इंटरल्यूकिन-7 पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या दारावर त्याच्यासाठी दोन भाग असतात: एक खास त्याचाच, अल्फा चेन, दुसरी गॅमा चेन. कडी आणि कोयंडा म्हणा. इंटरल्यूकिन येऊन बसलं की दोन्ही जवळ येतात, त्यांना आतून चिकटलेली जॅक-1 आणि जॅक-3 ही एन्झाइम जागी होतात आणि स्टॅट-5 नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा टिळा लावतात. टिळा लागलेलं स्टॅट-5 केंद्रकात जातं आणि 'मरू नकोस, वाढ' सांगणारी जनुकं चालू होतात. कोयंडाच नसेल तर कडी कितीही भक्कम असो, निरोप उंबऱ्यावरच राहतो.

हा निरोप योग्य वेळी बंदही व्हावा लागतो. टी पेशी थायमसमध्ये एका टप्प्यावर इंटरल्यूकिन-7 ची कडी स्वतःच उतरवून ठेवते. तेव्हा तिची परीक्षा चालू असते: स्वतःच्या शरीराला ओळखते का, आणि त्याच्यावर उलटत तर नाही ना? त्या काळात बाहेरून जगण्याचा आधार चालूच राहिला तर नालायक पेशीही तरून जातील. परीक्षा झाली की कडी परत लागते. बहुतेक पेशी या टप्प्यातून बाहेर येतच नाहीत.

आता या बाळाचं गणित. गॅमा चेन एकट्या इंटरल्यूकिन-7 ची नाही. 2, 4, 7, 9, 15 आणि 21 अशा सहा इंटरल्यूकिनच्या दारांना तीच आहे. सहा दारांना एकच घडणीचा कोयंडा. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि स्किडचं कारण तेच आहे हे 1993 मध्ये कळलं. त्याआधी सगळ्यांना कोडं पडलं होतं. ही चेन तेव्हा फक्त इंटरल्यूकिन-2 च्या दारावरची म्हणून माहीत होती, पण ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-2 मुळातच नाही त्यांच्यात टी पेशी तयार होत होत्या. मग दाराचा एक भाग गेल्यावर सगळ्याच टी पेशी कशा नाहीशा होतात? उत्तर हेच, की तो भाग एकट्या 2 चा नव्हताच.

म्हणून कुठल्या पेशी गायब आहेत ते मोजलं की कुठला निरोप तुटला ते वाचता येतं. टी पेशींना 7 लागतं, नॅचरल किलर म्हणजे एनके पेशींना 15. गॅमा चेन नसेल तर टी नाहीत, एनके नाहीत. फक्त इंटरल्यूकिन-7 ची अल्फा चेन बिघडली असेल तर टी नाहीत, पण एनके हजर. जॅक-3 बिघडलं तर चित्र हुबेहूब गॅमा चेनसारखं, पण मुलींनाही होतं आणि दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. बी पेशींचं मात्र नीट लक्षात ठेवायला हवं. उंदराच्या बी पेशींना इंटरल्यूकिन-7 वाचून चालत नाही. 1988 मध्ये ते सापडलं तेच उंदराच्या बी पेशींच्या पूर्वजांना वाढवणारं प्रथिन म्हणून. माणसाच्या बी पेशी त्याच्याशिवायही तयार होतात. फक्त उंदरावरून शिकलेला माणूस या बाळाच्या रक्तात भरपूर बी पेशी बघून निर्धास्त होईल.

परळला

फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे कुठल्या जातीच्या पेशी किती ते मोजायला, रक्त पाठवायचं होतं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे आणि जवळच वाडिया बालरुग्णालय. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचं काम आपल्या भागात बरंचसं तिथेच चालतं. जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची बाटली वडिलांच्या हातात देताना तीनदा सांगितलं: बर्फात ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, आजच्या आज पोहोचवायची. थंडीने पेशी बिघडतात. शर्टाच्या आतल्या खिशात बाटली ठेवून, वरून हात धरून, ठाण्याहून स्लो लोकलने ते गेले.

रिपोर्ट आला. टी पेशी 11 टक्के, म्हणजे साधारण 95. या वयात साधारण अडीच हजारांच्या वर हव्यात. एनके 1 टक्का, म्हणजे नऊ. बी 85 टक्के. गॅमा चेन पेशींवर दिसतच नव्हती. जनुक वाचल्यावर त्यात एक अक्षर बदलून मधेच थांबा-खूण आलेली सापडली.

पण त्या 95 टी पेशी आल्या कुठून? गॅमा चेन नाही तर एकही नको. त्या जवळजवळ सगळ्या अनुभवी होत्या, सीडी-45 आरओ खूण असलेल्या. थायमसमधून नव्याने निघालेली कोरी पेशी एकही नाही. त्या बाळाच्या नव्हत्याच, आईच्या होत्या. गरोदरपणात आईच्या थोड्या पेशी वारेतून बाळात जातात. निरोगी बाळ त्यांना हुसकावून लावतं, या बाळाकडे हुसकावणारं कुणी नव्हतं. म्हणून नुसता टी पेशींचा आकडा बघून 'आहेत की थोड्या' म्हणायचं नसतं, कोऱ्या किती ते विचारायचं.

आईची तपासणीही झाली. ती वाहक: एक एक्स चांगलं, एक बिघडलेलं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपलेलं असतं, कुठलं ते नशिबावर. म्हणजे तिच्या मगजातल्या साधारण अर्ध्या पूर्वज पेशींना इंटरल्यूकिन-7 चा निरोप ऐकूच येत नाही. पण टी पेशी तपासल्या की सगळ्या चांगलं एक्स जागं असलेल्या. बाकीच्या थायमसमध्ये रोज मरत होत्या आणि तिला पंचवीस वर्षांत त्याचा पत्ताही नव्हता. ती रडत म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना?" मी हेच सांगितलं: तुमच्या अंगात चांगल्या पेशी उरलेल्यांची कसर भरून काढतात. त्याच्याकडे एक्स एकच, कसर भरणारं दुसरं नव्हतं. यात तुम्ही काही केलं नाही, आणि काही करू शकला नसतात. ती आजींच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ बसली. आजींचे डोळे कोरडे होते. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या पोराच्या आजाराला पहिल्यांदा नाव मिळालं होतं.

तोवर जपायचं

इथून पुढचं काम मोठ्या केंद्राचं. बीसीजी काखेपुरतं राहिलं नव्हतं, फुप्फुसातही होतं. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन सुरू झालं. क्षयासाठी नेहमी दिलं जाणारं पायराझिनामाइड बीसीजीच्या जंतूवर चालत नाही. न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी. रक्त द्यायची वेळ आली तर विकिरण केलेलंच, नाहीतर रक्तदात्याच्या टी पेशी बाळावरच तुटून पडतील. जिवंत लस एकही नाही, आणि ताईला पोलिओचे थेंब नाहीत, तिला सुईतली लस.

स्किडवर कायमचा उपाय मगज प्रत्यारोपण. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण 1968 मध्ये अमेरिकेत झालं, भावंडाच्या मगजाचं. साडेतीन महिन्यांच्या आत ते झालं तर शंभरात चौऱ्याण्णव बाळं वाचल्याचं तिथल्या 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. अंगात संसर्ग असताना झालं तर आशा खूप घटते. आमचं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं होतं आणि अंगात बीसीजी होतं. अमेरिकेत 2008 पासून एकेका राज्यात नवजात बाळाच्या टाचेच्या थेंबातून थायमसच्या कोऱ्या पेशींची खूण शोधतात. आपल्याकडे सरसकट अशी तपासणी नाही, उलट जन्मल्याच दिवशी बीसीजी. क्षय इतका असलेल्या देशात ती द्यायलाच हवी, मी रोज देते. पण ज्या घरात लहानपणी मुलगे गेलेत तिथे टोचण्याआधी दोन मिनिटं विचारपूस व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

सहा वर्षांच्या ताईचा एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावा लागणारा पेशींवरचा गट, पूर्ण जुळला. भावंडांत ही शक्यता चारात एक. खर्चासाठी 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात स्किड पहिल्या गटात आहे. मुंबईतलं केंद्र केईएम. कागदपत्रांसाठी वडिलांनी तीन आठवडे रजा काढली.

सहाव्या महिन्यात मुंबईतल्या एका रुग्णालयात प्रत्यारोपण झालं. केमोथेरपी दिली नाही. परक्या पेशी नाकारायचं काम टी आणि एनके पेशींचं, आणि इथे दोन्ही नव्हत्या. तुटलेल्या निरोपाने निदान एवढं सोपं केलं होतं. भूल देऊन ताईच्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज एका वाटीत मावेल एवढा होता. तो रक्त चढवतात तसाच चढवला.

चोविसाव्या दिवशी आईचा फोन आला. तिचा आवाज घाबरलेला होता. "मॅडम, दंडावरची बीसीजीची जागा लालभडक झालीय. गरम लागतेय. सुकत आली होती!" तापही होता. फोटो पाठवला होता: वणाभोवती रुपयाएवढा लाल गोल, काखेतली गाठही सुजलेली. मी तिला लगेच वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते, पण भीतीने नव्हे. सहा महिने त्या दंडात जंतू मजेत राहिले होते आणि अंगाला लालीसुद्धा आली नव्हती. आता लाली आली, म्हणजे ओळखणारं कुणीतरी तिथे पोहोचलं होतं. ही प्रतिक्रिया हाताबाहेरही जाते, म्हणून काही दिवस स्टेरॉइड द्यावं लागलं. तिसाव्या दिवशी टी पेशी 410. ताईच्या की आईच्या, हे नुसत्या गुणसूत्रांवरून कळत नाही, दोघीही एक्स-एक्स. डीएनएच्या खुणा जुळवून बघितल्या. ताईच्या.

त्या ताईच्या मगजाबरोबर तयार आलेल्या पेशी होत्या. माझी नजर होती ती कोऱ्या पेशींवर. चौथ्या महिन्याच्या रिपोर्टात त्या दिसल्या, 380. ताईच्या पूर्वज पेशी बाळाच्या थायमसमध्ये जाऊन बसल्या होत्या. तिथलं अस्तर सुरुवातीपासून इंटरल्यूकिन-7 सोडत होतं, घेणारं आत्ता आलं.

बी पेशी अजून त्याच्या स्वतःच्याच आहेत, गॅमा चेन नसलेल्या. केमोथेरपी न देण्याची ती किंमत. इंटरल्यूकिन-21 चा निरोप त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे अँटिबॉडी पुरेशा होत नाहीत आणि इम्युनोग्लोब्युलिन चालू आहे. कदाचित कायम लागेल. आज तो सव्वा वर्षाचा आहे, 8 किलो 900 ग्रॅम, आणि स्टेथोस्कोप ओढतो.

आजींची धाकटी लेक, बाळाची मावशी, तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिची तपासणी केली. तीही वाहक निघाली. मुलगा झाला तर दोनात एक शक्यता. गावाजवळच्या रुग्णालयात न्यायची फाइल मी स्वतः तयार केली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बीसीजी आणि पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत, आधी नाळेच्या रक्ताचा सीबीसी आणि फ्लो. प्रसूती झाली, मुलगा. तिथल्या सिस्टरनी फोन करून विचारलं, खरंच थांबवायचं का? मी म्हणाले, हो, थांबवा.

लिम्फोसाइट 5,100. टी, बी, एनके सगळ्या जागेवर, गॅमा चेन दिसतेय. विसाव्या दिवशी आजी त्याला घेऊन ठाण्याला आल्या. दुपट्यातून डावा दंड त्यांनीच मोकळा केला, आणि मी बीसीजी टोचली.